मैदानाच्या कडेला माणूस हवा

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बोलायला सांगताना संयोजकांनी मला विषय मोकळा ठेवला, फक्त एक अट घातली. "कंप्युटरवर बोलू नकोस, पोरं झोपतील." पोरं म्हणजे आपणच, वय वर्षं पंचेचाळीस. अट पाळते. आज मी फुटबॉलवर बोलणार आहे, पण खेळणाऱ्यांवर नाही. टीव्हीवर सामना चालू असताना ज्याचा आवाज येतो तो समालोचक, आणि मैदानाच्या कडेला माइक धरून उभा असतो तो वार्ताहर, या दोघांबद्दल बोलणार आहे.

याचा आपल्याशी काय संबंध, असं सरांना वाटेल, कारण सर आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाहीत. सुखी आहेत. तर सर, झालं असं. आपल्या बॅचच्या वर्गणीतून शाळेला एक कॅमेरा, स्टँड आणि इंटरनेटची सोय करून द्यायची, म्हणजे मुलामुलींचे तालुका पातळीवरचे सामने थेट दाखवता येतील, असं ठरलं. त्यावर सगळ्यांचं एकमत झालं. आपल्या बॅचचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ. मग मी लिहिलं, "दोन माइकही घेऊ या आणि चार मुलांना कॉमेंट्रीसाठी तयार करू या." तिथे एकमत संपलं. "खेळ दिसतोय ना, मग बडबड कशाला?" "मी तर टीव्ही आवाज बंद करूनच बघतो." "त्यापेक्षा दुसरा कॅमेरा घ्या." असे बरेच निरोप आले. ग्रुपवर उत्तर दिलं नाही, कारण तिथे लांब लिहिलं की कोणी वाचत नाही. इथे तुम्हाला ऐकावंच लागेल, जेवण माझ्यानंतर आहे.

आधी तुमचं म्हणणं मान्य करते. टीव्हीवरची पुष्कळ कॉमेंट्री निव्वळ बडबड असते. चेंडू गोलात गेलेला आपल्याला दिसतो आणि वर कोणीतरी ओरडून सांगतो, "चेंडू गोलात गेला!" हे डोळे असलेल्या माणसाला सांगायची गरज नाही. ही सवय रेडिओतून आली आहे. रेडिओवर ती सवय नव्हती, गरज होती.

फुटबॉलची पहिली मोठी रेडिओ कॉमेंट्री बीबीसीने २२ जानेवारी १९२७ ला केली. लंडनमध्ये आर्सेनल आणि शेफिल्ड युनायटेड यांचा सामना होता. ऐकणाऱ्याला मैदान दिसणार कसं? मग त्यांनी आपल्या साप्ताहिकात मैदानाचा नकाशा छापला, त्याचे आठ चौकोन केले आणि चौकोनांना आकडे दिले. एकजण खेळाचं वर्णन करायचा आणि दुसरा मधे मधे फक्त चौकोनाचा आकडा सांगायचा. लोक घरी नकाशा मांडीवर घेऊन बसायचे. मी इंजिनिअर आहे, मला ही युक्ती फार आवडते. माहिती कमीत कमी शब्दांत पोचवली आणि चित्र ऐकणाऱ्याच्या डोक्यात तयार झालं.

आपल्याकडे मुंबईच्या क्रिकेटवर बॉबी तल्यारखान इंग्रजीतून दिवसभर एकटे बोलायचे. माइक दुसऱ्याला द्यायला ते तयार नसत. मराठीत क्रिकेटची कॉमेंट्री म्हटलं की पुण्याचे बाळ ज. पंडित. ते स्वतः महाराष्ट्राकडून खेळलेले होते. २०१५ साली ते गेले. आपल्या वडिलांच्या पिढीने क्रिकेट डोळ्यांनी पाहिलं त्याच्या किती तरी आधी या आवाजातून ऐकलं. मैदानावर कधी पाय न ठेवलेल्या माणसाला मराठीतून क्रिकेट कळू लागलं, त्यात या माणसाचा मोठा वाटा आहे.

मग टीव्ही आला आणि चित्र दिसू लागलं. आता आवाजाचं काम काय उरलं? माझ्या मते तीन कामं उरली, आणि तिन्ही कॅमेऱ्याला जमत नाहीत. एक, दिसतोय तो माणूस कोण हे सांगणं. दोन, जे झालं त्याचा अर्थ सांगणं. आणि तीन, चौकटीच्या बाहेर काय चाललंय ते सांगणं. तिसऱ्या कामासाठीच मैदानाच्या कडेला माणूस लागतो.

पहिलं काम घेऊ. आपण शाळेत होतो तेव्हा फुटबॉल हा काही आपला खेळ नव्हता. कबड्डी, खो-खो आणि उरलेल्या वेळात क्रिकेट. १५ सप्टेंबर २०१७ ला राज्य सरकारने 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' नावाचा उपक्रम केला. सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक ऑक्टोबरमध्ये भारतात व्हायचा होता. त्याआधी एका दिवशी राज्यातल्या दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा अशी कल्पना होती, आणि त्यासाठी शाळाशाळांतून फुटबॉल वाटले. त्या विश्वचषकात भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, आपल्या बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. आता विचार करा. पडद्यावर निळ्या शर्टातली अकरा मुलं धावतायत. आवाज बंद असेल तर ती अकरा मुलं आहेत, एवढंच. "हा अनिकेत, कोल्हापूरचा," असं कोणी सांगितलं की घरातलं पोर पुढे सरकून बसतं. कोल्हापूर म्हणजे काही परदेश नाही. तिथला मुलगा तिथे पोचला, तर आपणही पोचू शकतो, हे त्याला त्या एका वाक्यातून कळतं. पाठीवरच्या आकड्यातून कळत नाही.

हे मोठ्या स्टेडियमचं झालं. तिथे वीस कॅमेरे असतात, चेहरा जवळून दाखवतात, नाव पडद्यावर येतं. आपल्याकडे एक कॅमेरा असणार आहे, तोही कडेच्या भिंतीजवळ. गेल्या पावसाळ्यात शाळेतल्या एका उत्साही बाईंनी मुलींचा एक सामना फोनवरून थेट दाखवला. मी पुण्यात ऑफिसात बसून बघत होते. एकूण तीसेक लोक बघत होतो. पाऊस चालू, मैदानात चिखल, सगळ्या मुलींचे शर्ट एकाच रंगाचे झालेले, आकडा कुणाचाच वाचता येत नव्हता. खाली निरोप येत होते. पहिलाच निरोप होता, "आमची कोणती?" कुणाचे तरी वडील होते, मुंबईला माथाडी कामावर असलेले. जेवणाच्या सुट्टीत फोन उघडून बसले होते. पाच मिनिटांनी पुन्हा तेच, "आमची कोणती आहे?" फोन धरणाऱ्या बाई एकट्या होत्या. त्या चेंडूमागे फोन फिरवणार की उत्तर टाइप करणार? त्या माणसाने अख्खा पहिला डाव बघितला आणि आपली मुलगी कुठली हे त्याला कळलं नाही.

मला सांगा, याला दुसरा कॅमेरा हे उत्तर आहे का? दुसऱ्या कॅमेऱ्यातूनही चिखलच दिसेल. "चेंडू आता केळदच्या पोरीकडे, ती डाव्या बाजूने निघाली," एवढं म्हणणारं एक पोर तिथे हवं होतं.

दुसरं काम, अर्थ सांगायचं. फुटबॉलमध्ये गोल झाला, सगळे नाचले आणि पंचाने तो नाकारला. का? ऑफसाइड. ऑफसाइड म्हणजे काय, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? हात वर करा. बरं, राहू द्या. आपल्या घरातल्या आजीला चढाई कळते, बोनस कळतो, लोण कळतो. ते तिला कोणी पुस्तकातून शिकवलं नाही. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांच्या बोलण्यातून तिला ते कळलं. फुटबॉलचंही तसंच व्हायला हवं, आणि ते तिच्या भाषेत व्हायला हवं.

इथे एक गोष्ट मला खुपते. २०२२ चा फुटबॉल विश्वचषक जिओसिनेमावर दाखवला तेव्हा कॉमेंट्री इंग्रजी, हिंदी, तमिळ, मल्याळम आणि बंगाली अशा पाच भाषांत होती. मराठी त्यात नव्हती. ज्या महाराष्ट्रात कोल्हापूरसारखं शहर आहे, जिथे तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा सामना असला की शाहू स्टेडियम भरून वाहतं, त्या महाराष्ट्राची भाषा त्यात नव्हती. केरळात शैजू दामोदरन मल्याळममध्ये फुटबॉलची कॉमेंट्री करतात आणि लोक त्यांच्या आवाजासाठी सामना लावतात. भाषा कमी पडते असं कोणी म्हणू नये. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, आयपीएलला मराठी कॉमेंट्री आली. पुण्याचा केदार जाधव तिथे मराठीत बोलत होता, आणि स्पर्धा चालू असतानाच बंगळुरूच्या संघाने त्याला डेव्हिड विलीच्या जागी खेळायला बोलावलं. माइक ठेवून माणूस मैदानात गेला! हे क्रिकेटमध्ये झालं. फुटबॉलसाठी मराठी आवाज तयार व्हायचे असतील तर ते कुठल्या तरी शाळेच्या मैदानावरच तयार होतील.

आणि मराठीला हे काम नवीन नाही. आपल्या जत्रेतला कुस्त्यांचा फड आठवा. शंकर पुजारी यांच्यासारखे निवेदक कुस्तीचं निवेदन करतात ते ऐका. पैलवान आखाड्यात उतरला की तो कुठल्या गावचा, कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, गेल्या वर्षी कुठली कुस्ती मारली, सगळं त्या माइकवरून येतं. मग डाव. पट काढला, घिस्सा मारला, ढाक लावली. ज्याला कुस्तीतलं काही कळत नाही त्यालाही अर्ध्या तासात काटा कुस्ती आणि नारळावरची कुस्ती यातला फरक कळू लागतो. आपल्या ब तुकडीतला एकजण गेली कित्येक वर्षं भोर-वेल्ह्याच्या जत्रांमधून हेच काम करतो. त्याचं नाव घेतलं तर शिट्ट्या पडतील आणि माझी पाच मिनिटं जातील. पण त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे, त्याने पळून जाऊ नये.

आता तिसरं काम, चौकटीबाहेरचं. मैदानाच्या कडेला वार्ताहर उभा करण्याची पद्धत अमेरिकेतली, त्यांच्या त्या हातात चेंडू घेऊन पळायच्या फुटबॉलमधली. १९७४ मध्ये एबीसी वाहिनीने कॉलेजच्या सामन्यांसाठी जिम लॅम्पली आणि डॉन टॉलेफसन अशी दोन तरुण पोरं निवडली आणि कडेला उभी केली. वर काचेच्या खोलीत बसलेल्या समालोचकाला दिसत नाही, ऐकू येत नाही, ते खाली राहून सांगायचं. कोण लंगडतोय, प्रशिक्षक कुणावर चिडलाय, वारा कुठून येतोय, मैदान किती ओलं आहे. पुढे हे काम इतर खेळांत गेलं, आपल्या क्रिकेटमध्येही आलं.

याने काय फरक पडतो त्याचं उदाहरण आपल्याच वर्गातलं देते. १८ जुलै १९९४, सोमवार, आपण नववीत. आदल्या रात्री अमेरिकेत विश्वचषकाची अंतिम लढत झाली होती, ब्राझील आणि इटली. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली. भोरच्या पेठेत राहणाऱ्या आपल्या एका मित्राने ती रात्रभर जागून पाहिली आणि मधल्या सुट्टीत बाहेर पाऊस कोसळत असताना बाकावर उभं राहून सांगितली. गोल एकही नाही, मग पेनल्टी, इटलीच्या बारेसीने चेंडू वर मारला, शेवटी बॅजिओनेही वर मारला आणि ब्राझील जिंकलं. आम्ही सगळे हसलो होतो. एवढे मोठे खेळाडू आणि एवढ्या जवळून गोल करता येत नाही!

नंतर कितीतरी वर्षांनी मी वाचलं. बारेसीच्या गुडघ्याला त्याच स्पर्धेच्या सुरुवातीला दुखापत झाली होती. त्याची शस्त्रक्रिया होऊन महिनाही झाला नव्हता आणि तो माणूस अंतिम सामन्यात दोन तास खेळला होता. बॅजिओची मांडी आधीच्या सामन्यात आखडली होती. दोघंही दुखऱ्या पायांवर उभे होते. चित्र तेच, चेंडू तसाच वर गेला, पण हे कळल्यावर मला ते चित्र वेगळं दिसतं. कॅमेऱ्याने खोटं काहीच दाखवलं नव्हतं. त्याने फक्त पुरेसं दाखवलं नव्हतं.

दुसरं उदाहरण अधिक गंभीर आहे. १२ जून २०२१, कोपनहेगन, युरो स्पर्धेत डेन्मार्क विरुद्ध फिनलंड. मध्यंतराच्या जरा आधी ख्रिस्तियन एरिक्सन हा डेन्मार्कचा खेळाडू जवळपास कोणी नसताना एकदम कोसळला. त्याचं हृदय बंद पडलं होतं. सहकारी त्याच्याभोवती कडं करून, पाठी फिरवून उभे राहिले, जगाने बघू नये म्हणून. जगभर लाखो माणसं पडद्यासमोर होती. अशा वेळी बोलणाऱ्याने काय बोलायचं? माहीत नसलेलं काही बोलायचं नाही, आणि माहीत झालेलं लगेच आणि शांतपणे सांगायचं. त्या वेळी दाखवलेल्या दृश्यांबद्दल बीबीसीला नंतर प्रेक्षकांची माफी मागावी लागली. त्या दिवशी लोकांना चित्र नको होतं, एकच बातमी हवी होती, की तो जिवंत आहे. ती आली, दवाखान्यातून. तो शुद्धीवर आहे असं कळल्यावर काही वेळाने सामना पुन्हा सुरू झाला, आणि पुढच्या वर्षी एरिक्सन परत खेळायलाही लागला.

घराजवळचं सांगायचं तर, २३ जानेवारी २०२२ ला नवी मुंबईत आशियाई महिला चषकात भारताचा सामना चायनीज तैपेईशी व्हायचा होता. यजमान आपणच. संघात करोना शिरला आणि नियमाप्रमाणे लागणाऱ्या तेरा खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. सामना झाला नाही आणि आपल्या मुलींची स्पर्धा तिथेच संपली. आता कॅमेरा काय दाखवणार? रिकामं मैदान. त्या दिवसाची सगळी गोष्ट चौकटीच्या बाहेर होती.

आणि आपल्या मैदानावरची गोष्ट. मी मघाशी सांगितला त्याच सामन्यात दुसऱ्या डावात एक मुलगी पडली. दोघींनी धरून तिला बाहेर नेलं, म्हणजे चित्राच्या बाहेर. खेळ चालू झाला, फोन चेंडूमागे गेला. त्यानंतर दहा मिनिटं खाली निरोपच निरोप. "कोण पडली?" "किती लागलं?" "कोणी सांगेल का?" एक आई फोनवर फोन करत होती, उचलायला कोण मोकळं होतं? शेवटी कळलं, पायात गोळा आला होता, पाणी पिऊन पोरगी पुन्हा खेळायला उभी. पण ती दहा मिनिटं त्या आईची कशी गेली असतील ते तुम्हीच सांगा, तुम्ही सगळे आईबाप आहात. कडेला एक पोर माइक घेऊन असतं तर एका वाक्यात काम झालं असतं.

आता यावर एक आक्षेप येईल, तो मीच घेते. कडेचा वार्ताहर खरंच बोलेल कशावरून? २०२३ मध्ये अमेरिकेत चॅरिसा थॉम्पसन या प्रसिद्ध निवेदिकेने एका मुलाखतीत सांगून टाकलं, की पूर्वी कडेला उभी असताना प्रशिक्षक बोलायला आला नाही तर ती कधीकधी बातमी मनानेच रचून द्यायची. मोठा गहजब झाला. सगळ्यात जास्त चिडल्या त्या हेच काम वर्षानुवर्षं इमानाने करणाऱ्या तिच्यासारख्याच बायका, आणि बरोबरच होतं. या कामाची किंमत एवढ्यावरच आहे, की हा माणूस तिथे उभा होता आणि त्याने विचारून सांगितलं. ते गेलं की उरते बडबड, तुम्ही म्हणता ती. म्हणून मुलांना पहिला धडा हाच द्यायचा, की ठाऊक नसेल तर "अजून कळलेलं नाही, विचारून सांगते" असं म्हणायचं. चौदाव्या वर्षी हे वाक्य बोलायची सवय लागली तर ती पुढे कुठल्याही धंद्यात कामाला येते. माझ्या ऑफिसात हे वाक्य बोलू शकणारी माणसं मी हाताच्या बोटांवर मोजते.

कंप्युटरवर बोलायचं नाही म्हणाला होतात, पण दोनच मिनिटं. माझं काम थेट प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरचं आहे, म्हणून कुणीतरी विचारणारच, की आता यंत्र कॉमेंट्री करत नाही का? करतं. २०२३ मध्ये विम्बल्डनला आयबीएमने सामन्यांच्या क्षणचित्रांवर यंत्राचा आवाज लावून दाखवला. जिथे गुणांचा, वेगाचा, प्रत्येक फटक्याचा आकडा नोंदला जातो तिथे ते जमतं. आपल्या मैदानावरचा आकडा कोण नोंदणार? आणि "आमची कोणती?" याचं उत्तर यंत्राला कुठून मिळणार? ते तिच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलीलाच माहीत असतं.

दुसरं मिनिट. आपल्या लहानपणी दूरदर्शनचा मनोरा सिंहगडावर होता. ज्याच्या घरासमोर मोकळं होतं त्याला चित्र दिसायचं, ज्याच्या घराआड डोंगर होता त्याच्या टीव्हीवर मुंग्या. वेल्ह्याकडची आपली मंडळी म्हणायची, "आमच्याकडे चित्र नाही, नुसता आवाज येतो." वेल्हे आता सरकारदरबारी राजगड तालुका झाला, पण डोंगर तिथेच आहेत आणि मोबाइलच्या रेंजलाही ते तसेच आडवे येतात. आता हिशेब बघा. बऱ्यापैकी चित्र पाठवायला सेकंदाला दहा-वीस लाख बिट लागतात. माणसाचा स्वच्छ आवाज पन्नास-साठ हजारांत जातो. म्हणजे पासलीच्या पुढे, हिरडोशीच्या खोऱ्यात, जिथे रेंजची एकच काडी असते, तिथे चित्र गोल गोल फिरत बसेल आणि आवाज पोचेल. आपण आवाजच ठेवला नाही तर तिथे काहीच पोचणार नाही. दुसऱ्या कॅमेऱ्याने फायदा भोरच्या पेठेला होईल. माइकने फायदा डोंगरापलीकडच्या घराला होईल, आणि ज्यांच्या मुली खेळतात त्यातली बरीच घरं डोंगरापलीकडेच आहेत.

तर माझी सूचना साधी आहे. दोन माइक घ्यायचे, त्यांचा खर्च माझा. आठवी-नववीतली चार मुलं निवडायची, त्यात दोन तरी मुली. दोघं वर्णन करतील, दोघं कडेला उभी राहतील, आणि दर सामन्याला अदलाबदल. सामना सुरू व्हायच्या आधी कडेच्या मुलांनी दोन्ही संघांची नावं आणि गावं वहीत लिहून घ्यायची, समोरच्या संघाचीही. नाव चुकीचं उच्चारायचं नाही. दर पाच मिनिटांनी गुण आणि वेळ सांगायची, कारण मधेच येऊन बघणारा असतोच. पडद्यावर दिसतंय ते पुन्हा सांगायचं नाही, गप्प बसता यायला हवं. कुणाच्या अंगकाठीवर, रंगावर, जातीवर, घरच्या परिस्थितीवर एक शब्दही नाही, आणि हरणाऱ्यांची टिंगल नाही. कुणाला लागलं तर आधी सरांना विचारायचं, मग सांगायचं. रडणाऱ्या मुलीच्या तोंडासमोर माइक धरायचा नाही. आणि हे सगळं पालकांच्या लेखी परवानगीने, लिंक फक्त शाळेच्या आणि पालकांच्या ग्रुपपुरती. ती बाजू मी बघते.

मुलांना शिकवणार कोण? खेळाचे नियम पी. टी. चे सर शिकवतील, ते त्यांनी मघाशी चहाच्या वेळी कबूल केलंय. उच्चार आणि वाक्य आपल्या मराठीच्या बाई बघतील. बाई निवृत्त झाल्यात, पण "अशुद्ध बोललात तर माइक काढून घेईन" असं त्या म्हणाल्या, म्हणजे होकारच. माइक कसा धरायचा, श्वास कुठे घ्यायचा, गर्दीच्या वर आवाज कसा न्यायचा आणि कधी थांबायचं, हे आपल्या ब तुकडीतल्या निवेदकाने शिकवायचं. मित्रा, तुला जत्रांचा हंगाम सोडून उरलेले महिने मोकळे असतात, मी चौकशी केली आहे. महिन्यातले दोन शनिवार मी पुण्याहून येईन.

शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात. त्याआधी मुलांच्या हातात माइक यायला हवा, म्हणजे सरावाला दोन-तीन महिने मिळतील. शाळेतल्या घरच्या सामन्यांवर सराव करतील, चुकतील, हसतील, शिकतील. त्यातलं एखादं पोर उद्या खरंच मराठीतून फुटबॉलची कॉमेंट्री करेल की नाही, मला माहीत नाही. पण या वर्षी मुंबईत जेवणाच्या सुट्टीत फोन उघडून बसलेल्या कुणाच्या तरी वडिलांना त्यांची मुलगी कुठली ते कळेल, एवढं नक्की करता येईल.

ग्रुपवर मत देऊ नका, इथेच द्या. ज्यांना मान्य आहे त्यांनी जेवणाच्या टेबलाजवळ ठेवलेल्या वहीत नाव लिहा, आणि नावापुढे पैसे लिहू नका, तुम्हाला येता येईल असा शनिवार लिहा. ज्यांना मान्य नाही त्यांनी माझ्या शेजारी जेवायला बसावं, म्हणजे वाद नीट घालता येईल.

गुरुजनहो, वर्गात बोलल्याबद्दल तुम्ही आम्हाला कितीदा तरी बाकावर उभं केलंत. आज त्याच शाळेत मला इतकं बोलू दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार.